कुंकू लागलेला कपातीचा कागद

मी नोकरी गेल्याचा कागद बोलतोय. तोंड वाकडं करू नका. माझं कुणीच कधी स्वागत करत नाही. एका बाईंनी केलं, आणि त्यातच मी गोत्यात आलो.

कन्नड मुलखातल्या हूटगळ्ळी गावच्या एका कारखान्यात मी प्रिंटरमधून गरमागरम बाहेर पडलो. काम घटल्यामुळे कंपनी सुदीपला कामावरून कमी करत आहे, नुकसानभरपाई खात्यात जमा केली आहे, एवढंच माझ्यावर लिहिलेलं. खाली गोल शिक्का. अकरा वर्षं पॅकिंगला उभं राहिलेल्या माणसाला दोन ओळी! मला माझीच लाज वाटली.

आई इंदिराबाईंना बीपीचा त्रास. म्हणून सुदीपने घरी सांगितलं, "कंपनीनं बोनस दिला." भरपाई घराच्या कर्जात गेली. मला कपाटात कपड्यांखाली दडवून तो रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडायचा.

एके दिवशी मी इंदिराबाईंना सापडलो. त्यांना इंग्रजी येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. बोनसचा कागद! कापड रंगवणाऱ्या या मराठी रंगाऱ्यांच्या घरात लक्ष्मी आणणाऱ्या प्रत्येक वस्तूला कुंकू लागतं, मग ती स्कूटर असो की तांदळाचं पोतं. तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी माझ्यावर ठसठशीत लावलं, नेमकं कारणाच्या ओळीवर. मग घडी करून मला जागच्या जागी ठेवलं. मी कळवळून ओरडलो, पण कागदाचं ऐकतं कोण?

पुढे सुदीपचा जुना सोबती नागेंद्र त्याला म्हणाला, "कामगार विम्याच्या ईएसआय कचेरीत अर्ज घाल. काढून टाकलेल्यांना तीन महिने अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळतो. स्वतः राजीनामा दिला तर मात्र काही नाही." घरातलं सामान संपत आलं होतं. सुदीपने घडी न उघडताच मला पिशवीत घातलं.

ईएसआय कचेरीच्या खिडकीवरच्या काव्या मॅडमनी मला उजेडासमोर धरलं. "हेळी, सांगा, नोकरी तुम्ही सोडली की कंपनीनं काढलं? कारणाच्याच ओळीवर डाग कसा?"

सुदीपने वाकून डाग पाहिला. "आईनं कुंकू लावलं असणार, मॅडम." कंपनीत तर आता फोनही कुणी उचलत नव्हतं.

"मग आईंना घेऊन या, चारच्या आत. त्यांनी तसं लिहून दिलं तर अर्ज पुढं पाठवते."

तेव्हा अडीच वाजले होते. घरी पोचल्यावर सुदीप सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेला. मला पुढे करून म्हणाला, "आई, हा बोनसचा कागद नव्हे. माझी नोकरी गेली. दोन महिने झाले."

"अय्यो देवा! मग सुम्ने, उगाच बोनस म्हणून का सांगितलंस? आणि मी कुंकू लावत बसले की रे!"

आता या मला फाडणार, असं वाटलं. पण त्यांनी चपला घातल्या.

चारला दहा मिनिटं असताना आम्ही खिडकीशी होतो. इंदिराबाई सांगत गेल्या, मॅडम लिहीत गेल्या. खाली इंदिराबाईंनी कन्नडमध्ये सही केली. तो कागद मला टाचला गेला. पोच मिळेपर्यंत मायलेक समोरच्या बाकावर बसले.

"रोजचा डबा कुठं खात होतास रे?"

"बस स्टँडवर. हुणसूरच्या गाड्या लागतात तिथं."

"एकटाच?"

सुदीपने मान हलवली. इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी आता फाईलमध्ये आहे. निकाल लागलेला नाही आणि माझी धडधड थांबलेली नाही. जे कोणी साहेब ही फाईल उघडतील, त्यांना हात जोडून सांगतो, डाग बघून मला बाजूला टाकू नका. आधी मागचा कागद वाचा. त्यावर एका आईने लिहून दिलंय, "कुंकू मी लावलं. माझ्या मुलानं नोकरी सोडली नाही."