तारेची जाडी

पहिल्या तारेच्या पोटावर एक सपाट जागा होती. लांबीला जेमतेम दोन मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना दिसली नसती, पण भिंगाखाली ती उजेडात लख्खकन चमकली. बरोबर सातव्या फ्रेटवर, गिटारच्या मानेवरच्या सातव्या धातूच्या पट्टीवर, येणारी जागा. तार तिथे दाबून बाजूला ओढत राहिलं की धातूला धातू घासतो आणि अशी खूण पडते. तिने मायक्रोमीटरचे जबडे त्या जागेवर अलगद मिटवले. नवी होती तेव्हा ही तार तेवीस शतांश मिलिमीटर भरली होती. आता सतरा भरली. तिने पुन्हा मोजलं. सतराच.

"काय गं मोजपट्टी, किती वेळ नाडी धरून बसणार आहेस? पेशंट आहे की गेला, ते तरी सांग."

बाई स्वतःच्याच विनोदावर हसायला निघाल्या आणि अर्ध्यात थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

ती गिटारी दुरुस्त करायची, आणि तिला अख्ख्या शहरात फक्त बाईच 'मोजपट्टी' म्हणत. नववीत त्यांनी तिला विज्ञान शिकवलं होतं, आणि वर्गातली प्रत्येक वस्तू दोनदा मोजायची तिची खोड तेव्हाचीच. आता तिचं स्वतःचं दुकान होतं. भिंतीला लाकडी पट्ट्या, त्यांवर माना खाली घालून टांगलेल्या गिटारी, खिडकीपाशी काम करायचं टेबल. टेबलावर, जुन्या टॉवेलाच्या घडीवर, बाईंच्या मुलाची काळी इलेक्ट्रिक गिटार होती.

मुलगा जाऊन चार वर्षं झाली होती.

पहिल्यांदा बाई आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "तारा गंजू नयेत एवढंच. तो लावायचा तशाच लाव." तो अकराचा सेट लावायचा. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले अकरा, इतकी पहिल्या तारेची जाडी. दणकट हाताचं काम. पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, "दहाचा लाव गं. त्याच्या बोटांना जड जातंय." तिने मान हलवली आणि दहाचा लावला. आईचं बोलणं, त्याला काय विचारायचं? मग नऊ. नेक, म्हणजे गिटारची मान, वाकडी होऊ नये म्हणून तिच्या आतली लोखंडी सळई दर वेळी थोडी सैल करून दिली. आणि आज, सव्वादोन महिन्यांतच, बाई आठ मागायला आल्या होत्या.

"आठ म्हणजे केसच की हो, बाई."

"असू दे. जोर राहिला नाही आता त्याच्यात."

तिने तार नळीदिव्याखाली आडवी धरली. घरात नुसती टांगलेली तार सगळीकडे सारखीच मळते. हिच्यावर काळे डाग होते, पण ठरावीक जागी, फ्रेटच्या जरा मागे, बोट टेकतं तिथेच. घामाचे डाग.

"घरी कुणी शिकतंय का?"

"मी एकटी असते. तुला माहितीये."

तिने बाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. पिशवीचे बंद धरलेली बोटं सांध्यांशी सुजलेली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. बोटांची टोकं मऊ, गुलाबी. गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात आणि ते लपवता येत नाहीत.

मग ती उठली आणि कोपऱ्यातला खण उघडला. उतरवलेली प्रत्येक पहिली तार ती कागदाच्या पाकिटात तारीख घालून ठेवत असे. सगळ्याच गिऱ्हाइकांची. लोक हसायचे. बाईंची अलीकडची दोन पाकिटं काढून तिने तारा टॉवेलावर सरळ केल्या, आजची त्यांच्या शेजारी ठेवली, आणि एकेक मोजली. अकराची तार सहा महिन्यांत एक शतांश झिजली होती. दहाची चार महिन्यांत तीन. आणि ही, सव्वादोन महिन्यांत सहा.

तिने मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं.

"बाई, एक सांगू? जोर कमी झालेला नाही. वाढलाय. दर वेळी वाढत गेलाय."

बाईंनी चष्मा चढवला, वाकून तिन्ही तारा पाहिल्या. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या दचकतील, निदान 'काहीतरीच काय' म्हणतील, असं तिला वाटलं होतं. बाईंनी फक्त चष्मा काढून पदराने पुसला.

"बारीक तार अशा जोराला टिकणार नाही," ती म्हणाली. "तुटेल. पुन्हा अकराच लावू या का? जाड तार टिकते, आणि आवाजही..."

"आवाजही मोठा येतो," बाई म्हणाल्या. "जाड तार, जास्त ताण, लाकूड जास्त हलतं. मीच शिकवलंय तुला, प्रयोगशाळेत, तार ताणायच्या त्या सोनोमीटरवर. विसरले असेन असं वाटलं?"

ती पुन्हा खुर्चीवर बसली.

"ॲम्प्लिफायर मी तो गेला त्याच आठवड्यात देऊन टाकला. वाटलं, संपलं. चार वाजले की वाजणं सुरू होतं. आधी अर्धा तास असायचं. आता दिवेलागणीपर्यंत. मी स्वयंपाकघरात बसते, दोन दारं लावून. तरी येतं."

"कुणाला सांगितलंत?"

"मुलीला काय सांगू? ती दोन वर्षं बोलावतेय, खोली तयार ठेवलीये तिनं. मी म्हणते, पुढच्या महिन्यात." बाईंनी पिशवी खाली ठेवली. "घराला कुलूप लावलं तर हा कुणासमोर वाजवणार?"

"मग त्याच्याशीच एकदा बोलून बघायचं..." असं म्हणताना आपण काय बोलतोय, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"काय बोलू? पंधरा वर्षं मी त्या पोराला एकच वाक्य ऐकवलं. हळू वाजव. जेवायला ये म्हणायच्या आधी हळू वाजव. चांगलं वाजवलंस, असं एकदाही नाही. त्या शेवटच्या दिवशीसुद्धा दार न उघडता बाहेरूनच ओरडले, आणि तो गाडीची किल्ली घेऊन निघून गेला." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, सरळ, एका पट्टीत. "आता पुन्हा तेच कोणत्या तोंडानं सांगू?"

"म्हणून तारा."

"म्हणून तारा. म्हटलं, एकेक पायरी उतरू. त्याला कळणार नाही." सुजलेलं बोट त्यांनी आजच्या तारेवर, त्या सपाट जागेच्या शेजारी टेकवलं. "कळलं त्याला. मी बारीक लावते, तो जास्त दाबतो."

सवयीने तिने डावा तळहात गिटारच्या उरलेल्या पाच तारांवर ठेवला, वाजणारं वाद्य थांबवायला ठेवतात तसा. तळव्याखाली तिसरी तार अगदी बारीक थरथरत होती. बाहेरून एखादा ट्रक जात असेल म्हणून ती वाट पाहत राहिली. रस्ता रिकामा होता. तिने हात तसाच ठेवला, जरा दाबून.

"आठाच्या खाली सात मिळतो," ती म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "मागवावा लागेल. आवाज जवळपास नाहीच येणार. पण नाहीच असं नाही."

"आणि तोही झिजवेल."

"हो."

बाईंनी गिटारकडे पाहिलं. हात पुढे केला, लाकडापर्यंत नेला, पण टेकवला नाही. तो तसाच हवेत राहिला. तिनेही घाई केली नाही. नववीतही बाई अशाच थांबत, प्रश्न विचारल्यावर, अख्ख्या वर्गाला घाम फुटेपर्यंत. आज उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

"तारा लावल्याच नाहीत तर गिटारला काही होतं?"

"ओढ गेली की नेक मागे वाकते. सळई पूर्ण सैल करून ठेवावी लागेल. थोडे दिवसच ठेवायची असेल तर..."

"थोडे दिवस नाही." बाई उठून उभ्या राहिल्या. त्या तिच्याशी बोलत होत्या, पण नजर टेबलावर होती, आणि आवाज पहिल्यांदाच हलका, समजावणीचा झाला होता. "सगळ्या काढ. आणि मी स्वतः मागायला आले, तरी पुन्हा लावू नकोस."