राणी अज्ञात

बकुळाला ती मुंगी पहिल्यांदा दिसली वडाळ्याच्या मिठागरांच्या कडेला, तिवराच्या एका कुजक्या ओंडक्यात. तांबूस, तिळाहून बारीक. बकुळा गिरगावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती आणि एम.एस्सी.साठी मुंग्यांवर काम करत होती. मायक्रोस्कोपखाली घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, ही मुंगी कुठल्याच घराण्यात धड बसत नाही. कमरेला दोन गाठी होत्या, त्यावरून एकीकडे जायची; जबड्यांची आणि नांगीची ठेवण मात्र भलतीकडेच ओढायची. तिच्या सरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "कामकरी मुंग्यांवरून निकाल लागायचा नाही. नर हवा. त्याच्या पंखांच्या शिरा आणि पोटाच्या टोकाची इंद्रियं पाहिल्याशिवाय हिचं वेगळेपण कुणी मानणार नाही."

घर नायगावच्या बीडीडी चाळीत. तिचे वडील सीताराम, सगळ्यांचे अप्पा, लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. पाळी संपवून आले की बशीतून चहा पिताना मुंगीची चौकशी व्हायचीच.

"म्हंजे तू मुंग्यांची गोत्रं लावतेस?"

"तसंच काहीसं. पण जात विचारून नाही, अप्पा. अंग बघून."

"मग बरं आहे मुंग्यांचं," अप्पा म्हणायचे. गावच्या विहिरीवर ज्याला लहानपणी हाकलून दिलं होतं, त्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना बकुळा हसायची खरी, पण ते हसू फार टिकायचं नाही.

नर वर्षातून थोडेच दिवस पंख घेऊन वारुळाबाहेर पडतात. छप्पन सालच्या जानेवारीत ओंडक्याच्या भेगांतून पंखवाले डोकावताना तिने पाहिले, आणि नेमकी त्याच सुमारास मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी बातमी रेडिओवर आली. शहर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर दगडांचा खच, अश्रुधूर, गोळीबार.

"वडाळ्याला अजिबात जायचं नाही," अप्पांनी बजावलं. "तिकडे चिटपाखरू नसतं. काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वातावरण जरा निवळल्यासारखं वाटलं. "कॉलेजात जाऊन येते, मुलांची जर्नल्स तपासायची आहेत," असं आईला सांगून बकुळा निघाली, आणि चाळीच्या कोपऱ्यावरून वडाळ्याच्या दिशेला वळली.

मिठागरांवर शुकशुकाट होता. लांब कुठेतरी धूर दिसत होता, आवाज मात्र एकही नाही. नर ओंडक्यावर चढून पंख वाळवत बसले होते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने तिने एकेक टिपून नळीत सोडला. राणी आत, खोल कुठेतरी असणार. तिच्यासाठी ओंडका फोडावा लागला असता, म्हणजे वारूळच संपलं. राणी पुढच्या खेपेला, असं म्हणून ती उठली. परतताना ती चक्क गुणगुणत होती.

आई, सुंदराबाई, गॅलरीतच उभी होती. बकुळाच्या मागे जिन्याकडे बघत तिने विचारलं, "हे कुठं आहेत?"

"कोण?"

"गिरगावात लय गडबड झाली म्हणून कळलं. तुला आणायला गेले ना गो ते! भेटले नाहीत?"

अप्पा सापडले संध्याकाळी, इस्पितळात. ठाकुरद्वारजवळ जमाव पळायला लागला तेव्हा ते खाली पडले आणि माणसं अंगावरून गेली. कुणीतरी अनोळखी पोरांनी फळीवर घालून आणून टाकलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तिला पाहून त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "आलीस? बरं झालं." मग म्हणाले, "कॉलेज बंद होतं. दरवान म्हणाला, आज कुणीच आलेलं नाही. मग मी पार चर्नी रोडपर्यंत शोधलं."

"अप्पा, मी वडाळ्याला होते."

ते छताकडे बघत राहिले. रागावतील, निदान तोंड फिरवतील म्हणून ती वाट बघत होती.

"मिळाला काय तुझा नर?"

तिला हो म्हणवेना. तिने नुसती मान डोलावली.

हाड वेडंवाकडं जुळलं. साच्यांपुढे पाळीभर उभं राहणं संपलं, गिरणी सुटली. बकुळाने नराचं विच्छेदन केलं. सुईच्या टोकाने पोटाचं शेवटचं कडं सोडवलं, आतली इंद्रियं काचपट्टीवर पसरली. ती ओळखीच्या कुठल्याच घराण्याशी जुळत नव्हती. पंखातली एक शीरही मधेच तुटून संपत होती. प्रजाती नवी होती. सर हर्षाने उठून उभे राहिले. "नाव वडिलांचं दे," ते म्हणाले. तिने नकार दिला. का, ते तिला सांगता आलं नाही. शोधनिबंध छापून आला. कामकरीचं वर्णन होतं, नराचं होतं, आणि त्याखाली एक ओळ: राणी अज्ञात.

राणीसाठी पुन्हा वडाळ्याला जा, म्हणून सर मागे लागले. ती गेली नाही. कॉलेज सुटलं की थेट घर. अप्पांना शेक द्यायचा, जिन्यापर्यंत चालवायचं. जानेवारीमागून जानेवारी गेले.

साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं त्या संध्याकाळी सगळी चाळ रोषणाई बघायला खाली उतरली. बकुळा अप्पांच्या खाटेशी बसून होती. अप्पा एकदम तडकले.

"जा ना तूपण! चार वर्षं माझ्या उशाशी राखण करत बसलीयस. मी मागितली होती राखण?"

"माझ्यामुळेच तुम्ही..."

"मी तुला आणायला गेलो होतो, बकुळे. कोंडायला नव्हतो गेलो. ती तुझी राणी तशीच ठेवलीस, ते माझ्या माथी मारू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडाळ्याला गेली. रस्ता ओळखू येईना. तिवरं तोडली होती, पाण्यावर दगडमाती टाकून जमीन सपाट केली होती आणि वर ट्रक उभे होते. उन्हं डोक्यावर येईपर्यंत ती भरावाच्या कडेकडेने वाकून वाकून दगड उलटवत फिरली. काळे मुंगळे निघाले, वाळवी निघाली. ती मुंगी कुठेच नव्हती.

घरी आली तेव्हा तिची नखं मातीने भरली होती. अप्पा उठून बसले होते.

"काय झालं?"

"भराव घातलाय सगळा, अप्पा. काही राहिलं नाही."

काठी बाजूला ठेवून अप्पा जरासे सरकले, आणि ती त्यांच्याशेजारी खाटेवर बसली.