भित्र्या वॉकरची चौदा पावलं

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पाय, दोन मुठी आणि मध्ये एक आडवी दांडी, एवढाच माझा देह. आजाऱ्याला आधार द्यायचा, हे माझं काम. पण खरं सांगू? मी पक्का भित्रा आहे. कोणी माझ्या मुठी धरल्या की आधी मीच घाबरतो.

कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, पायांत रबरी बूट घातले आणि नवीन जालन्याच्या जुगलकिशोर शेठनी मला विकत आणलं. शेठ गरजूंना पलंग, कुबड्या, वॉकर असं सामान वापरायला देतात. माणूस हिंडू-फिरू लागलं की लोक ते परत आणून देतात. मी बरीच घरं पाहिली. लोक जाताना माझ्यावरून हात फिरवायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग काकासाहेब नावाचे आजोबा मला धरून चालताना ओरडत पडले. माझा एक बूट झिजला होता आणि तो कोणी पाहिलाच नव्हता. त्यांच्या मुलाने मला शेठच्या दुकानात आणून आदळलं. "यानंच पाडलं आमच्या बापाला!" शेठनी नवे बूट बसवले, पण मी दोन वर्षं माळ्यावर पडून होतो. काकासाहेबांचं ते ओरडणं माझ्या कानांतून गेलं नाही.

अशा अवस्थेत मला तीर्थपुरीला नेलं. तिथे बेबीनंदा नावाच्या शाळेतल्या बाई होत्या. छातीत जंतुसंसर्ग होऊन त्या अठरा दिवस दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर होत्या. घरी आल्या तेव्हा त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलवत नव्हता. त्यांचे पती अप्पाराव त्यांना उचलून अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासात न्यायचे आणि दार उघडं ठेवून तिथेच उभे राहायचे. चौथीचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या बाई! त्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायच्या.

व्यायाम शिकवायला नेहलताई यायच्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय जमायला पाहिजे?"

"तिथं एकटीनं जाता आलं पायजे," बाई अंगणाच्या कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या. "दुसरं काही मागत न्हाई मी."

पलंगापासून तिथवर चौदा पावलं होती.

"मंग रोज दोनदा खुर्चीतून पाच-पाच वेळा उठायचं आणि वॉकर धरून चालायचं," ताई म्हणाल्या. "पडून राहिल्यानं पायांतलं मांस झडलंय, ते उठूनच भरतं. दम लागला की थांबा. चक्कर आली, छातीत दुखलं तर बसा आणि मला फोन करा. पण व्यायाम बिलकुल सोडायचा न्हाई."

तिसऱ्या दिवशी मला ज्याची धास्ती होती तेच झालं. अप्पारावांनी रोजच्यासारखे बाईंचे पाय कोमट करडीच्या तेलाने चोळले, पार तळव्यांपर्यंत, आणि मग बाईंना उभं केलं. चौथ्या पावलाला शहाबादी फरशीवरून त्यांचा पाय सर्रकन पुढे गेला. मी त्यांच्याबरोबर ओढला गेलो. अप्पारावांनी त्यांना कमरेला धरलं म्हणून निभावलं.

"ह्या वॉकरनं आज घात केला असता! आता उठायचं न्हाई. म्या हाय ना उचलायला," ते म्हणाले. त्यांनी बाईंना उचलून परत पलंगावर ठेवलं.

मला कपाटाशेजारी लोटलं. माझ्यावर टॉवेल आणि परकर वाळू लागले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्या हातून कोणी पडणार नव्हतं. पाहुणे सफरचंदं घेऊन यायचे आणि उठता उठता सांगायचे, "पडून ऱ्हा बाई, आराम करा." परकराच्या आडून मला बाईंचे पाय दिसायचे. ते रोज बारीक होत होते. मग मला दुसरीच भीती वाटू लागली: बाई पुन्हा कधी उठल्याच नाहीत तर? ही भीती पहिलीपेक्षा वाईट होती.

नेहलताई लग्नाच्या सुटीवरून तीन आठवड्यांनी आल्या. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवून उठायला सांगितलं. बाईंनी दात आवळून जोर लावला, पण त्यांना उठता आलं नाही.

"काका, पहिल्या दिवशी मॅडम पाच वेळा उठल्या होत्या. आज एकदा पण न्हाई," ताई अप्पारावांना म्हणाल्या.

"घसरल्या होत्या, ताई. म्हणून म्या..."

ताईंनी बाईंच्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि पलंगाखालच्या बाटलीकडे पाहिलं. "तेल कधी लावता?"

"चालायच्या आधी. पायात ताकद यावी म्हणून."

ताईंनी ते तेलकट बोट फरशीवर टेकवलं आणि सर्रकन सरकवून दाखवलं. अप्पाराव उंबऱ्यावर मटकन बसले. "म्हंजे म्याच पाडून राह्यलो होतो तिला," ते म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली दस्ती, म्हणजे रुमाल, तोंडाला लावली. मित्रांनो, इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. तरी त्या घडीला मला अप्पारावांचीच फार कीव आली.

मग पुन्हा सुरुवात झाली. अप्पाराव त्याच दस्तीने बाईंचे तळवे कोरडे करायचे, माझे चारही बूट उलटे करून बघायचे आणि खुर्ची घेऊन मागे मागे चालायचे. चार पावलं, सहा, मग उंबऱ्यापाशी. दर पावलाला मी मनात काकासाहेबांचं ओरडणं ऐकत होतो. बाईंचा घाम माझ्या मुठींवर उतरायचा. त्याही घाबरलेल्या असायच्या, पण थांबत नव्हत्या.

एका सकाळी आम्ही चौदावं पाऊल टाकलं. अप्पाराव सवयीने पुढे आले.

"तुम्ही तिकडं तोंड करून उभं ऱ्हा," बाई म्हणाल्या. "हाक मारली तर या."

आणि भिंतीला धरून आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. दार माझ्यासाठी अरुंद होतं, म्हणून मी बाहेर उभा होतो. अप्पाराव माझ्या दांडीवर हात ठेवून, दाराकडे पाठ करून रडत होते.

आता बाई माझ्याशिवाय चालतात. उद्या मला कुंभार पिंपळगावच्या एका घरी जायचं आहे. तिथलं कोणी तरी काल दवाखान्यातून सुटलं आहे. मी आतापासूनच भ्यायलो आहे. पण बाईंनी फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत कागदावर दोन ओळी लिहून तो माझ्या दांडीला चिकटवला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी आलो तर माझ्यावर कपडे वाळत घालू नका. तेवढा कागद मात्र मोठ्याने वाचा:

'आधी तळपाय पुसा. मग उठवा.'