कडेचे दोन दगड

डब्यात अकरा दगड होते, प्रत्येक वेगळ्या कापसात गुंडाळलेला. हिरवे अपोफिलाइट चार, गुलाबी स्टिल्बाइट तीन, पांढऱ्या सुयांचे गोळे दोन, पिवळसर कॅल्साइट एक आणि काचेसारखा स्वच्छ एक. तो जातीनं हिरव्यांचाच, पण बिनरंगी आणि टोकाचा कण उडालेला. दादांनी सगळे दगड गोकुळकाका सोनारांच्या दुकानातल्या लाल मखमलीवर ओळीनं मांडले आणि चारही हिरवे थोडे पुढे सरकवले.

"यातले कोणते बी दोन घ्या," दादा म्हणाले. "पर हिरवेच."

दादा म्हणजे माझे वडील, कडुबा. ते फर्दापूरला अजिंठ्याच्या पर्यटकांना दगड विकतात. विहिरी खणताना, खाणीत सुरुंग लावताना काळ्या खडकात पोकळ्या उघडतात आणि त्यांच्या आत हे स्फटिक असतात. दादा ते मजुरांकडून घेतात, जुन्या टूथब्रशनं धुतात आणि गाळ्यावर मांडतात. हे चार हिरवे मात्र त्यांनी कधीच मांडले नव्हते. मी दहावीत असल्यापासून एकेक करून ते बाजूला पडत गेले होते.

अंगठी माझ्या लग्नाची. इंद्रजीतच्या आईनं, करुणाताईंनी, बैठकीच्या दिवशीच आपल्या चमकीतला हिरा काढून दिला होता. "मी आता नाकात काही घालत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "हिरा आमच्याकडचा, कडेचे दोन दगड तुमच्याकडचे. म्हणजे अंगठी दोन्ही घरांची." त्या दिवशी दादा परत जाताना एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून मला म्हणाले, "दगड म्हणल्यावर ते माझं काम झालं."

गोकुळकाकांनी भिंग डोळ्याला लावलं. "रास कोणती पोरीची?"

"आमच्यात रास-बीस नाय बघत," दादा म्हणाले.

"मग लई बरं. माझं काम सोपं झालं. नुसतं टिकायचं बघायचं." त्यांनी एक हिरवा दगड उजेडात फिरवला. "रंग झकास आहे कडुबाभाऊ." मग दगड खाली ठेवला आणि भिंग न काढताच माझ्याकडे पाहिलं. मी भूशास्त्र शिकले आहे हे त्यांना माहीत होतं.

दादा चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा काका हळूच बोलले. "विशाखा, हा ठिसूळ माल आहे. मी सोनं दाबून बसवायला गेलो तर हातातच पापुद्रा निघंल. एक कर. याच रंगाचा दुसरा पक्का खडा घालतो. दादांना सांगायचं कशाला?"

"त्यांना कळेल."

"कसं कळंल? केवढासा तो खडा!"

"काका, तुम्हाला पितळ ओळखू येतं ना?"

काका हसले. "मग तूच सांग त्यांना. माझ्याच्यानं नाय होणार."

माझ्याच्यानंही होत नव्हतं. बाहेर शहागंजच्या गर्दीत दादा टपरीपाशी उभे होते. रिकामा डबा काखेत होता, आणि चहावाल्याला ते बोटांनी काहीतरी एवढं-एवढं असल्याचं दाखवत होते.

सांगण्याऐवजी दाखवायचं ठरवलं. चहा झाल्यावर दगड डब्यात भरून दादांना शहरातल्या माझ्या खोलीवर नेलं आणि टोक उडालेला बिनरंगी दगड मागितला. "पण हा परत मिळणार नाही."

"घे की. टोक गेलेलाच हाय."

मी भाजीची सुरी घेऊन त्याच्या सपाट अंगावर ओढली. पांढरी रेघ उठली. दादांनी ती अंगठ्यानं पुसली. पुन्हा पुसली. रेघ तशीच राहिली. मग मी दगड चिमट्यात धरून गॅसवर नेला. थोड्या वेळानं आतून टिक्‌ टिक्‌ आवाज यायला लागला. स्वच्छ दगड दुधासारखा पांढरा झाला, त्याचे पातळ थर सुटे झाले, आणि चिमटा जरा हलताच ते ओट्यावर पडले.

"ह्याच्यात पाणी असतं दादा. खडकातच धरून ठेवलेलं. तापलं की ते निघून जातं आणि थर सुटतात."

"पाणी? दगडात?" क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. एवढी वर्षं हाताळलेल्या वस्तूबद्दल नवीनच काही कळलं होतं. त्यांनी एक थर नखावर घेतला, फुंकला, तो उडाला. मग ते ओट्याला टेकले. "म्हंजी माझ्याकडचं एक बी चालायचं नाय."

मी गॅस बंद केला.

"आन मी लोकांना असला माल दिलाय व्हय इतकी वर्सं?"

"लोक तो काचेच्या कपाटात ठेवतात. कपाटात त्याला काहीच होणार नाही. तुम्ही, मी मेल्यावरही तसाच राहील. पण अंगठी रोज आपटते. पुढं सैल-घट्ट करायची झाली तर तिला ज्योत लागते. आणि माझा हात दिवसभर मातीत असतो."

मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुने वाळवायचे, कुटायचे, चाळायचे.

"तुझा हात मातीत जाऊ नये म्हणून तर तुला शिकवलं," दादा म्हणाले. आधी ते हसले, मग मीही.

हसणं ओसरल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "मंग कसला लागतो ते सांग. नीट सांग, एकदाच."

"सुरीनं रेघ उठता कामा नये. थर नकोत. आणि मंद आचेवर तडकता कामा नये."

बसस्थानकापर्यंत रिक्षात ते हे तिन्ही पुटपुटत होते.

चार-पाच दिवसांनी मायचा फोन आला. माझी आई, पारूबाई, फोनवर आधी कधी कशी आहेस विचारत नाही.

"विशे, तुझ्या बापाला काय सांगून धाडलंस गं? घरातली एक बी सुरी धड राह्यली नाय! विळी सुदीक घासली दगडावर. मी भाजी आता दातानं चिरू का?"

"आणि तवा?"

"म्हंजी तुला ठाऊक हाय! भाकरीचा तवा घेतलाय चुलीवर, अन त्याच्यावर दगड शेकायलाय. शेजारची पारबता इचारती, आज काय कालवण केलं म्हणून."

मागून दादांचा आवाज आला, फोन त्यांनी ओढून घेतला. "तिचं ऐकू नको. आधी सांग. सुरीच झिजली अन दगडाला काय नाय झालं, तर पास का नापास?"

"पास."

"अन तव्यावर फाटकन फुटला त्यो?"

"नापास. दादा, आच मंद ठेवा. डोळे सांभाळा."

"तुझ्या मायचा चष्मा घातलाय की!"

"तरीच मला सकाळपासून सापडंना," माय लांबून ओरडली.

त्यानंतरच्या शनिवारी ते आले तेव्हा हातात डबा नव्हता. खोलीत बसले, पाणी प्यायले, गावाकडचं सगळं सांगून झालं, तरी दगडाचा विषय निघेना. शेवटी मीच विचारलं. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला.

बोराएवढ्या गाठी एकमेकींना चिकटाव्यात तसा एक ओबडधोबड दगड होता. रंग निळसर राखाडी. सुरीचे काळपट फराटे अंगभर होते, पण ते सुरीच्याच धातूचे होते. ओलं बोट फिरवलं तसे ते निघाले. खाली ओरखडा नव्हता. कॅल्सेडनी, गारगोटीच्या जातीचा.

"दादा, हाच हवा होता!"

"हाच एक राह्यला. बाकी सगळे नापास." ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पर मला ह्यो द्यायचा नाय."

"का?"

"ह्यो वर टाकायचा माल हाय. कुणी मोठा दगड घेतला, की त्याच्या लेकराच्या हातात असाच एक ठेवतो आपण. फुकट." त्यांनी रुमालाची कड बोटाला गुंडाळली. "त्या बाईनं नाकातला हिरा काढून दिला. अन मी फुकट वाटायचा दगड देऊ व्हय? उद्या कुणी इचारलं, बापानं काय दिलं, तर तू काय सांगशील?"

मी त्यांना सांगितलं की याच्यात थर नाहीत, डोळ्यांना न दिसणारे तंतू आहेत आणि ते सुतळीच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले आहेत. म्हणून हा कुठूनही सहज फुटत नाही. मी सांगितलेलं सगळं बरोबर होतं, आणि दादांनी ते सगळं मान्यही केलं.

"तू शिकलेली हायस, तू म्हणती ते खरं. पर मन नाय मानत."

मी आणखी पटवायला गेले नाही. फक्त म्हणाले, "कापून कसा दिसतो एवढं तरी बघू. नाही आवडला तर परत न्या."

शहागंजच्या मागच्या एका गल्लीत अंगठ्यांसाठी अकीकाचे खडे घासून देणारे एक चाचा बसतात, हे गोकुळकाकांनी सांगितलं होतं. दुकान म्हणजे एक ओटा, एक मोटर, तिच्यावर फिरणारं चाक आणि पाण्याचं टमरेल. चाचांनी दगड पाण्यात बुडवून दिव्यासमोर धरला.

"ये तो अकीक का भाई है. बस, रंग अलग लेके आया. किधर से लाए?"

"फर्दापूर," दादा म्हणाले. "हम तो ये फुकट बाँटते."

"अच्छा करते. दुकान मेरा भी पुराना है, मैंने तो आज तक किसी को कुछ फुकट नै दिया." चाचा हसले आणि मोटर सुरू केली.

दादांनी आयुष्यभर दगड जसाच्या तसा ठेवण्याचं काम केलं होतं. टोक मोडू नये, धूळ बसू नये, कुणी बोट लावू नये. दगड चाकाला लागताना त्यांनी आधी मान फिरवली. मग पाण्याबरोबर राखाडी चिखल वाहून जायला लागला आणि खालून निळा रंग वर आला, तशी ती मान परत वळली. चाचांनी एक थेंबाएवढा घुमट घासून, चामड्यावर चमकवून त्यांच्या तळहातावर ठेवला. दादांनी तो उजेडात धरला, मुठीत धरला, पुन्हा उजेडात धरला.

"दुसरा तुम घिसो," चाचा म्हणाले.

"मी? बिघडला मंग?"

"बिघडा तो पत्थर बहुत है इसमें. बेटी का है ना? बैठो इधर."

दादांनी चप्पल काढली आणि ओट्यावर बसले. चाचांनी दगडाचा तुकडा लाखेनं काडीवर बसवून दिला आणि सुरुवातीला त्यांच्या मनगटाला धरून कोन दाखवला. मग हात सोडला. मी समोरच्या पायरीवर बसून राहिले. दादा अधूनमधून चाक थांबवून आपला दगड पहिल्या दगडाशेजारी धरायचे, जीभ दातांत धरून मान हलवायचे, पुन्हा वाकायचे. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत चिखलानं भरली. मी एकदा "दादा, पुरे" म्हणाले, तर चाकाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

उठले तेव्हा त्यांनी गुडघे धरले. "हं," म्हणाले, आणि दगड माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. "आता कुणी इचारलं तर सांग. बापानं घासून दिला."

गोकुळकाकांनी सोन्याची कडी आधीच बनवून ठेवली होती. नुसते काटे नकोत, दगडाभोवती पूर्ण कडं हवं, म्हणजे मातीत कुठं अडकायचं नाही, असं मी सांगितलं होतं. काकांनी दोन्ही दगड मापले. "कडुबाभाऊ, डाव्यापेक्षा उजवा जरा मोठा भरतोय. घासून सारखा करून घेऊ का? जोडी बरोबर दिसंल."

दादांनी माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणाले. "कडं मोठं करा."

काकांनी कडं बदललं.

लग्न विहारात झालं. करुणाताईंनी माझा हात हातात घेऊन अंगठी बराच वेळ पाहिली आणि दादांना विचारलं, "दादा, हे कुठले हो? नीलम नाही ना?"

"नाय नाय. आपल्याच खडकातले हायत," दादा म्हणाले. नवा सदरा घातलेले दादा जरा पुढे झाले. "चाचानं केला त्यो डावा. ह्यो उजवा."

मी अंगठी रोज घालते. नमुने कुटताना, चाळताना, भांडी घासतानाही. दादांचा दर रविवारी फोन येतो, आणि माझं, इंद्रजीतचं, करुणाताईंचं विचारून झालं की ते म्हणतात, "दगडाचं काय म्हणतंय?" मी दर वेळी ठीक म्हणायचे. सहा महिने झाले तेव्हा म्हणाले, "ठीक म्हंजी काय? तुमच्याकडं ती दुर्बीण हाय ना, खालून दिवा असलेली? बघून सांग."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी अंगठी धुतली, वाळवली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि चाळीसपट मोठं करून प्रत्येक भाग दोनदा पाहून कागदावर नोंद केली. मग तिथूनच दादांना फोन लावला आणि वाचून दाखवलं.

हिऱ्यावर ओरखडे शून्य. डाव्या दगडावर शून्य. उजव्या दगडावर शून्य. सोन्यावर सव्वीस.