सगुणाकाकूचा आंबा आणि तापट लॉरी

यंदाच्या शिमग्यापासून गंगारामच्या लॉरीला पालीतली माणसं ‘तापट म्हातारी’ म्हणू लागली होती. सकाळी हँडल मारलं की लाडात घुरघुरायची आणि चांगली तापली की भर चढणीत मुकाट बंद पडायची. मग इंजिनावर ओली फडकी घाला, विडी ओढा, तिची मनधरणी करा. घटकाभराने बाईसाहेब पुन्हा चालू! कोल्हापूरच्या मिस्त्रीने कॉइल बदललं, कार्बोरेटर धुतला आणि शेवटी हात टेकले. “म्हातारं इंजिन, उष्णता सोसत नाही,” म्हणाला. गंगारामलाही ते पटलं होतं.

पण आज म्हातारीचे नखरे परवडणारे नव्हते. पावसाआधीची शेवटची आगबोट दुपारी रत्नागिरी सोडणार होती आणि सगुणाकाकूच्या बागेतला सगळा आंबा लॉरीत होता; बोट चुकली की तो कुजणार. नवरा गेल्यावर काकूने दिराला बजावलं होतं, बाग मी सांभाळीन. दीर धोंडू म्हणाला, “सांभाळ. पण आंबा एकदा जरी कुजला, तर बाग माझ्या ताब्यात.” पंचांसमोर ठरलं होतं तसं. सगळे बैलगाड्या सांगत होते, काकूने हट्टाने लॉरी सांगितली आणि स्वतः गंगारामच्या शेजारी येऊन बसली. क्लीनर विठू मागे करंड्यांवर बसला.

पाली सोडली आणि पहिल्याच चढणीत म्हातारी बसली. फडकी झाली, विडी झाली, चालू झाली. हातखंब्याच्या पुढे पुन्हा तेच. कुवारबावजवळ तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा खालच्या बाजूने आगबोटीचा निघण्याआधीचा पहिला भोंगा ऐकू आला. काकूचा चेहरा उतरला.

“गंगाराम, मेल्या, माझी बाग घालवलीस रे!”

पेट्रोल तर संपलं नाही ना, म्हणून गंगारामने काकूला उतरवलं, सीट उचलली आणि टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. आत पाहिलं तर पेट्रोल भरपूर. आता करायचं काय? रागारागाने त्याने झाकण तसंच टेकवलं, पुढे जाऊन हँडलाला हिसका दिला आणि म्हातारी खडखडून चालू झाली!

गंगाराम हँडल हातात धरून बघतच राहिला. इंजिनाला हात लावला तर चटका बसला. फडकं नाही, पाणी नाही, विडीसुद्धा नाही. मग उष्णतेचा संबंधच काय?

त्याने झाकण उचलून उजेडात धरलं. मधलं बारीक भोक राळ आणि कापूस ठासून बंद केलेलं होतं.

“विठ्या! हे कुणी केलं?”

विठू यंदाच्या शिमग्यातच कामाला लागला होता. त्याआधी त्याची सगळी उमर भाट्याच्या खाडीत, मासेमारीच्या मचव्यांवर गेली होती. छाती काढून म्हणाला, “मीच. भोक दिसलं, बुजवलं. मचव्याला कोण भोक ठेवतो काय?”

“अरे देवमाणसा, ही टाकी हाय, मचवा नाय! त्या भोकातून हवा जाते, म्हणून पेट्रोल खाली उतरतं. तू तिचं नाक दाबून धरलंस आणि मी दोन-अडीच महिने तिचं डोकं थंड करत बसलो!”

विठूचं तोंड एवढंसं झालं. गंगारामला त्याचा गळा दाबावा की पाया पडावं, कळेना. तो खदखदून हसत सुटला.

“हसतोस काय? बोट जाईल!” काकूने अंबाड्यातला आकडा उपसून त्याच्या हातात दिला. गंगारामने भोक मोकळं केलं, झाकण आवळलं आणि लॉरी सोडली.

मग म्हातारी जी सुटली! ऊन रणरणत होतं, इंजिन तापून लाल व्हायची वेळ आली, पण अडखळली म्हणून नाही. काकू खिडकीतून हात बाहेर काढून कोंबड्यांना, गाड्यांना, रस्त्यातल्या भटजींनासुद्धा बाजूला व्हा म्हणून ओरडत होती. गंगारामला जन्मात एवढा आनंद झाला नव्हता.

धक्क्यावर माल नेणारा शेवटचा पडाव खोल पाण्यातल्या आगबोटीकडे निघायच्या बेतात होता. तिथेच, फजिती बघायला सकाळपासून येऊन बसलेला धोंडू उभा होता. लॉरी बघून त्याच्या हातातला विडा हातातच राहिला. हमालांनी भराभर करंड्या पडावात चढवल्या. एकच उरली. काकूने पदर खोचला आणि दिरापुढे जाऊन उभी राहिली.

“भावजी, नुसते बघता काय? धरा एका बाजूने. माझ्या बागेतला आंबा हाय, जपून!”

आणि धोंडूने धरली.