तांदळातला डबा

मला प्रश्न विचारलेले चालत नाहीत. मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी मशीनवर असतो, रोज बारा तास. कापड आत, रंग आत, वाफ आत, झाकण बंद. कुणी येऊन "कुंदनभाई, हे असं का?" म्हणालं की माझं उत्तर तयार असतं, "मशीन तुझ्या आजोबांनी बनवलंय का? सांगितलं तेवढं कर."

आणि देवाची करणी बघा, माझ्याच घरी चैताली जन्माला आली.

नोव्हेंबरात तिला पाच पूर्ण झाली. पाल भिंतीवर झोपते का, झोपली तर पडत कशी नाही, आपण सुरतेत आणि आजी पारोळ्याला असं कुणी ठरवलं, वाफेला रंग का नसतो. शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, घरात मराठी आणि आजीचा फोन आला की अहिराणी, चारही भाषांत पोरगी प्रश्नच विचारते. योगिता, म्हणजे माझी बायको, घरी साड्यांना स्टोन लावते. हात चालवता चालवता ती उत्तरं देत राहते. माझं तसं नाही. मी मनातल्या मनात शाळेच्या बाईंचे आभार मानायचो, दिवसाचे पाच तास तरी हा ताप त्यांच्या डोक्याला.

पण उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, शाळाही बंद आणि मिलही बंद. चौदा तारखेला सकाळी सातपासूनच आमच्या गच्चीवर स्पीकर सुरू झाले. मी चहा संपवला, फिरकी काखोटीला मारली आणि चपला घालायला वाकलो.

"पप्पा, मारो फोटो क्यां छे?"

"घरात मराठी बोलायचं."

"माझा फोटो कुठंय?"

ती भिंतीखाली उभी होती, मान वर करून. भिंतीवर लखनचा, तिच्या धाकट्या भावाचा, मोठ्ठा फोटो आहे. गेल्या संक्रांतीला त्याचं बोरन्हाण केलं तेव्हाचा. आठ महिन्यांचं पोर, काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याची बासरी. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडतायत आणि साहेब भोकाड पसरून रडतायत. गल्लीतली पोरं खाली वाकून बोरं लुटतायत. त्यातली एक वेणी चैतालीची आहे. फक्त वेणीच दिसते.

"तुझा आहे की. शाळेच्या ड्रेसातला."

"तो नाही. डोक्यावर बोरं पडतानाचा."

"तू लहान होतीस तेव्हा."

"लखन तर अजून लहान आहे."

मी चप्पल घातली. "अगं, तेव्हा कोरोना होता. कुणी कुणाकडे जायचं नाही, असं होतं."

हे उत्तर तिला पटलेलं दिसलं. ती शेजारी भागीरथीकाकूंकडे गेली. मला वाटलं सुटलो, पण चपलेचा पट्टा नीट करेपर्यंत बाई परत हजर.

"गोपालचा फोटो आहे. त्याच्यात सगळ्यांनी मास्क घातलेत. भागीरथीकाकूंनी पण. आणि गोपाल माझ्याएवढाच आहे."

आता बोला! मग तिनं माझा फोन उचलला आणि आजीला लावला. माझी आई पलीकडून काय बोलली ते मलाही ऐकू आलं, "माले काय माहीत? तुना बापले इचार." योगिता ओट्याशी तिळगुळाचे लाडू वळत होती. चैतालीनं तिचा पदर ओढला. योगितानं मान वर न करता सांगितलं, "पप्पांना विचार."

सगळे रस्ते फिरून माझ्याच दारात.

"एकदा सांगितलं ना, नाही काढला फोटो!" मी ओरडलो. "सणासुदीचं सकाळी सकाळी डोकं खाऊ नको!"

दुसरं पोर रडलं असतं. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली, पालीकडे बघते तशी.

"पप्पा, तुम्ही ओरडता का?"

मी धाडकन दार लावून वर गेलो.

गच्चीवर सगळे होते. वरच्या मजल्यावरच्या राहुलनं जिलेबी पुढे केली, मी नको म्हटलं. पहिला पतंग चढवला आणि पाच मिनिटांत कापला गेला. दुसराही गेला. शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" अशी आरोळी उठायची आणि मी वर बघायच्या ऐवजी जिन्याच्या दाराकडे बघायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती पोरगी पाठ सोडणार नाही हे मला माहीत होतं, आणि खरं काय तेही मलाच माहीत होतं.

खरं असं की फोटो काढला नाही, कारण बोरन्हाण केलं नाही. आणि केलं नाही, कारण मी करू दिलं नाही.

चैताली सव्वा वर्षाची होती. योगिता चार दिवस पहाटे पाचला उठून शेगडीशी बसायची. परातीत तीळ, एक एक चमचा साखरेचा पाक, आणि बोटांनी हलकं हलकं फिरवत राहायचं. थंडी असली तरच हलव्याला काटा येतो, म्हणून पहाटेची वेळ. चौथ्या दिवशी मी रात्रपाळी करून घरी आलो, तर बाई दागिने गुंफत बसलेली. तिनं विचारलं, "परवा करू या ना? गल्लीतल्यांना सांगू?" मी म्हणालो, "पोरीचं कसलं बोरन्हाण? पोरगा होऊ दे, मग करू दणक्यात."

बोललो, जेवलो, झोपलो.

आमच्यात मुलींचं करत नाहीत असं काही नाही. माझ्या बहिणीचं झालेलं मी पाहिलंय, तिची बोरं मीच लुटली होती. पण त्या साली माझ्या दोन्ही भावांना मुलगे होते आणि मला मुलगी, ते मला खुपत होतं. बस, एवढंच. याला दुसरं नाव द्यायला माझ्याकडे तोंड नाही.

योगिता भांडली नाही. मात्र त्यानंतर तिनं हलवा केला नाही. लखनच्या वेळी मी म्हटलं, "तू इतका छान करतेस, घरीच कर की." तर म्हणाली, "सुरतेत कुठं थंडी असते? काटा येत नाही." मग नाशिकहून तयार सेट मागवला. मीही खोलात शिरलो नाही. म्हटलं ना, मला प्रश्न चालत नाहीत, विचारायलासुद्धा.

दुपारी जेवायला खाली आलो, दार ढकललं आणि पाय तांदळात पडला.

घरभर तांदूळ. तांदळाचं पिंप आडवं, चैताली त्यात खांद्यापर्यंत, आणि लखन बाजूला बसून कच्चे तांदूळ चघळतोय. योगिता भागीरथीकाकूंना लाडू द्यायला गेली होती.

"काय चाललंय हे?"

"फोटो शोधते," पिंपातून आवाज आला. "आई चांगलं सगळं तांदळात ठेवते. पैंजण ठेवलेत. म्हणून बघितलं."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. जुना पावडरीचा डबा, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. तेवढ्यात योगिता दारात आली. डबा बघून ती उंबऱ्यातच थांबली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

चैतालीनं दातांनी पट्टी काढली. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कापूस आणि कापसात हलव्याचे दागिने. हार, बाजूबंद आणि दोन बांगड्या, माझ्या दोन बोटांत बसतील एवढ्या. चार पावसाळे गेले त्यावरून. रंग थोडा पिवळसर झाला होता, पण काटा जसाच्या तसा होता.

"हे कुणाचं?"

वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला होता आणि पिपाण्या वाजत होत्या.

"लखनचं?" तिनं बांगडी लखनच्या हाताशी धरून बघितली. "लखनचं तर फोटोत आहे. त्याच्यात चांदीचा कागद आहे. याच्यात नाही." मग तिनं मुठीवरून बांगडी घालायचा प्रयत्न केला. बोटांच्या पेरांपाशीच ती अडकली.

"तुझं आहे," मी म्हणालो.

"माझं? मला होत नाही."

"तू एवढीशी होतीस तेव्हा झालं असतं. आईनं केलंय."

"मग घातलं का नाही?"

"मी नको म्हटलं म्हणून."

"का?"

मशीनचं झाकण उघडायच्या आधी वाफ सोडावी लागते, नाहीतर तोंड भाजतं. मी चार वर्षं वाफ कोंडून ठेवलेली. कोरोना म्हणून झालं होतं, ओरडून झालं होतं, आता तिसरं काही हाताशी नव्हतं.

"तुझ्या बापाला अक्कल नव्हती म्हणून."

तिनं यावर नीट विचार केला. "आता आली?"

योगिता ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलले. हसली की रडली, मला पाठीवरून कळलं नाही आणि पुढे जाऊन बघायची छाती झाली नाही.

"चल," मी चैतालीला म्हणालो, "आत्ता गाडी काढतो. उधन्याला तयार सेट मिळतो. मुकुट, बासरी, सगळं आणू. उद्या तुझं बोरन्हाण."

"मला हाच पाहिजे."

"अगं, होत नाही ना तो."

"मोठा करा."

हट्ट कुणाचा घेतलाय ते काही विचारायला नको. मी फतकल मारून बसलो. योगितानं दोऱ्याचं रीळ आणि छोटी कातरी माझ्यासमोर ठेवली आणि तांदूळ भरायला लागली. हलव्याच्या दाण्यात सुई जात नाही, दाणा फुटतो. प्रत्येक दाण्याला दोऱ्याची गाठ मारावी लागते. माझ्या बोटांना वाफेनं घट्टे पडलेत, पाच दाण्यांतला एक चुरा व्हायचा. चुरा झाला की लखन खायचा. एका बांगडीत किती गाठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. मोजत नव्हतो, पण बोटं दुखायला लागली की समजतंच. हे सगळं तिनं रात्रपाळीवरून मी येईपर्यंत केलं होतं, आणि मी एका वाक्यात मोडलं होतं.

दिवस मावळला तेव्हा हार आणि बाजूबंद मिळून एक हार झाला. दोन बांगड्यांची मिळून एक झाली. चैतालीनं दोन्ही घातलं, आरशात बघितलं, मग डावा हात वर केला.

"ह्या हातात?"

"संपलं गं."

"एकाच हातात कसं?"

भागीरथीकाकू त्यांच्याकडचे लाडू घेऊन आल्या होत्या, दारातून बघत होत्या. "पाच पूर्ण झाली तिला. पाचच्या आतच करतात हो," त्या म्हणाल्या.

"आम्ही पाचनंतर करतो!" मी असा खेकसलो की काकू लाडू घेऊनच परत गेल्या. "उद्याच करतो. एका हातातली तर एका हातातली."

तेव्हा योगिता दिवसभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "घाई कशाला? रथसप्तमीपर्यंत चालतं."

पहाटे जाग आली ती पंख्याच्या आवाजानं नाही, पंखा बंद होता म्हणून. खिडकी उघडी होती आणि गार वारा येत होता. योगिता शेगडीशी बसली होती. समोर परात, परातीत तीळ, बाजूला पाकाचं भांडं. तिची बोटं फिरत होती.

मी उठून जवळ गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सुरतेत काटा येत नाही म्हणाली होतीस."

"तेव्हा आला होता ना," ती म्हणाली. मग थोडी सरकली. "हात धुऊन या."

मी हात धुऊन तिच्या शेजारी बसलो. परात गरम होती, मला त्याचं काही वाटत नाही. तिनं चमचाभर पाक सोडला. मागून चैताली कधी उठून आली कळलं नाही. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून परातीत बघत होती, आणि नवल म्हणजे गप्प होती.

म्हणून मीच विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"योगिता, तो डबा ठेवलास कशाला एवढी वर्षं?"

तिची बोटं थांबली नाहीत.

"कधीतरी कुणीतरी विचारेल म्हणून," ती म्हणाली. "चोळू नका तसं. नुसता हात फिरवा."