पांढऱ्या चादरीची कॉट

मी एक कॉट आहे, लोखंडी. दवाखान्यातली समजू नका. जालना एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यातली. काम करताना कुणाला बरं वाटेनासं झालं तर त्याला आडवं व्हायला जागा हवी, असं सरकारने सांगितलं आणि माझा जन्म झाला. कुणीतरी कुठेतरी बसून भट्टीपुढच्या माणसाचा विचार केला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

गयासोद्दीन वेल्डरने मला कारखान्यातल्याच पाइपांतून जोडलं. त्याचा दोस्त भुजंग, भट्टीवरचा कामगार, तिथेच उभा होता.

"लेटून बघ रे, हलती का," गयासोद्दीन म्हणाला.

भुजंग काळ्याकुट्ट कपड्यांनिशी माझ्यावर पसरला. "बराबर हाय. घरीबी अशी न्हाई," म्हणाला आणि हसला. मला फार बरं वाटलं.

मग गादी आली, पांढरीशुभ्र चादर आली, दारावर 'विश्रांती कक्ष' अशी पाटी लागली. सुपरवायझर साहेबराव मनाने वाईट नव्हता, पण त्याचा सगळा जीव त्या चादरीत. तपासणीला आलेले सरकारी साहेब ती बघून खूश झाले, तेव्हापासून तर विचारूच नका. "हात लावू नका रे, मळंल," हे त्याचं येता-जाता चालायचं. कुणी न वापरलेली चादर दर आठवड्याला धुतली जायची. काय म्हणावं या माणसांना? कामगार दारातून डोकावायचे, आपले काळे हात बघायचे आणि परत फिरायचे.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात एका दुपारी गयासोद्दीन भुजंगला धरून आत घेऊन आला. भुजंगचं अंग भाजत होतं, घाम बंद झाला होता, जीभ अडखळत होती.

"तू लेट जा. मी जल्दी गाडी घेऊन येतो," म्हणत गयासोद्दीन पळाला.

साहेबराव त्या वेळी तिथे नव्हता. अडवणारं कुणीच नव्हतं. भुजंगने चादरीकडे बघितलं, मग स्वतःच्या कपड्यांकडे.

"नको बाबा. मळंल," असं पुटपुटत तो फरशीवर बसला आणि त्याने डोकं माझ्या पायाला टेकवलं.

अरे, मी तुझ्यासाठीच आहे रे, असं मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला कुठली जीभ? त्याचा श्वास मला पायातून कळत होता. गयासोद्दीन जीप घेऊन आला, तोवर तो कळायचा थांबला होता.

माझ्यावर झोपला असता तर वाचला असता का, मला ठाऊक नाही. पण जाताना तो असा फरशीवर बसलेला नसता.

मग त्याला माझ्यावर ठेवलं. बदनापूरजवळच्या गावाहून त्याची बायको द्वारकाबाई आली. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. चादरीवरचा काळा डाग दिसला तशी ती पदराने तो पुसायला लागली. पुसून तो अजूनच पसरला.

"साहेब, चादर मळली हो," ती साहेबरावला म्हणाली. "मी धुवून आणून देते."

साहेबराव भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडला.

आता तो कारखाना बंद आहे. मी मागच्या शेडमध्ये गंजत पडले आहे, गादी नाही, चादर नाही. माझं काही मागणं नाही. फक्त तुमच्याकडे अशी खोली असेल, तर थकल्या माणसाला हाताला धरून आत न्या आणि झोपवा. तो नको म्हणाला तरी झोपवा. भुजंगही नकोच म्हणाला होता.